अर्जातली रिकामी ओळ

छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. साळूमावशीस,
अपेक्षाचा शि. सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आईला सांगितलं तर ती रडत बसेल, म्हणून हे पत्र तुला. आधीच सांगते, मी बरी आहे. डाव्या हाताची दोन बोटं मोडलीत, उजवा शाबूत आहे.

परवा दुपारची ड्युटी होती. पुरुषांच्या वॉर्डात चाळीस पेशंट, मी आणि एक शिकाऊ मुलगी. पाचच्या सुमाराला सात नंबरच्या पेशंटचं हृदय बंद पडलं. शिकाऊ पोरीला डॉक्टरांना बोलवायला पिटाळलं आणि मी छाती दाबत राहिले. तेवढ्यात अकरा नंबरच्या साहेबराव आजोबांचं सलाईन संपलं. त्यांचा पुतण्या इंद्रजीत हाका मारत आला. मी म्हटलं, दादा, दोन मिनिटं थांबा, इथं माणूस जातोय. तो म्हणाला, आमचा काय दगड आहे का? मग त्यानं माझा हात त्या छातीवरून ओढला, पिरगाळला आणि ट्रॉलीच्या कडेवर आपटला.

डॉक्टर आले, त्यांनी पुढं दाबणं चालू ठेवलं. सात नंबरचे वाचले नाहीत. ते मधले क्षण माझा हात तिथं असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, विचार करू नका. मी तेवढाच करते.

मेट्रन मॅडमनी घरी अर्ज पाठवलाय. इजा कशी झाली, त्यापुढं एक ओळ रिकामी आहे. ट्रॉली लागली असं लिहा म्हणाल्या. नातेवाईक दुःखात असतात, हॉस्पिटलचं नाव पेपरात नको. मावशी, मी इतकी दमलेय की तेच लिहावंसं वाटतं. तू तीस वर्षं ही नोकरी केलीस. काय करू, सांग.

सुदर्शन भाकरी करतोय. सासूबाई म्हणतात, नवऱ्याच्या हातची भाकरी मोडायला तुझी उरलेली बोटंही पुरायची नाहीत.

उत्तराची वाट पाहणारी,
अपेक्षा


लासूर स्टेशन
१२ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा हिस,
साळूमावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. हात उशीवर उंच ठेवून झोपत जा, सूज उतरती.

बाई गं, ट्रॉली लागली असं लिहून टाक आन मोकळी हो. तक्रार करणारीचीच बदली होती, मारणारा मोटारसायकलवर हिंडतो. ठाण्यात गेलं की पहिला सवाल, तुम्हीच काही उलटं बोलला असाल. मी लई बघितलंय. दोन बोटं हायेत, जुळतील. नोकरी गेली तर जुळायची नाय.

शेजारची संस्कृती कॉलेजला येती, तिच्या हाती मोसंबी पाठवली. सुदर्शनला म्हणावं, पीठ कोमट पाण्यात मळ.

जीव सांभाळ. तुझ्या काळजीतली,
साळूमावशी


छत्रपती संभाजीनगर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न.

मोसंबी पोचली. तुझं ऐकून काल अर्ज घेऊन बसले. ‘ट्रॉली’ एवढा एकच शब्द लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

कारण सांगते. काल सकाळी अर्जाचंच विचारायला हॉस्पिटलला गेले होते. तिथं अंबिकाबाई भेटल्या, सात नंबरच्या पेशंटच्या पत्नी. कागदपत्रं न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, शेवटी ते काही बोलले का? मी नाही म्हटलं. मग त्यांचं लक्ष माझ्या प्लास्टरकडं गेलं, हे काय झालं म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ट्रॉली लागली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, जपत जा सिस्टर, तुम्ही माझ्या माणसासाठी लई धडपड केली, मला सांगितलं लोकांनी.

मावशी, कागदावर खोटं लिहायला मला जमलं असतं. पण त्या बाईच्या तोंडावर बोलून बसले, त्यानं सगळं कडू झालं. राग येत नाही, रागाला ताकद लागते. नुसतं पडून राहावंसं वाटतं. सोमवारी अर्ज द्यायचाय. तू परत तेच सांगितलंस तर तेच लिहीन. वाद घालायचं त्राण नाही.

तुझी,
अपेक्षा

(हेही संस्कृतीच्याच हाती देतेय, लवकर पोचेल.)


लासूर स्टेशन
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा हिस,
आशीर्वाद.

आज जे लिहिते ते तुझ्या आईलाबी माहीत नाय.

माझा डावा कान विषमज्वरानं गेला असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाय. एक्याण्णव साली मी औरंगाबादला बाळंतिणींच्या वॉर्डात होते. एका बाईला मेलेलं मूल झालं. तिच्या नवऱ्याला बाहेर जाऊन सांगायचं काम माझ्याकडं आलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं कानाखाली मारली. रगत आलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, न्हाणीत पाय घसरला म्हणून लिही. मी माझ्या हातानं लिहिलं, अक्षर चांगलं होतं माझं. उजवा कान पुढं वयानं गेला, पण डावा त्या दिवशीच गेला.

एवढंच असतं तर मी गप ऱ्हायले असते. वर्षाभरानं आमच्याकडच्या एका नव्या पोरीला नातेवाइकानं भिंतीवर ढकललं. ती रडत माझ्याकडं आली आन मी तिला काय सांगितलं? न्हाणी लिही. तिनं लिहिलं, महिन्याच्या आत नोकरी सोडून गेली. तिचं नाव आठवायला बसले तर आठवंना. बुधवारच्या पत्रात तुलाबी मी तेच शिकवलं. पत्र संस्कृतीच्या हाती दिलं आन ताट तसंच झाकून ठेवलं.

खरं लिही. त्याचं नाव लिही, वेळ लिही. उद्या सकाळच्या गाडीनं येते. हे तोंडानं सांगायला जमायचं नाय, म्हणून पत्र संस्कृतीच्या हाती देते, मी तिच्याच संगं. ठाण्यात बोलायचं तू, मी बाजूला बसते. मला ऐकू यायचं नाय, पण दिसतं समदं.

तुझी,
साळूमावशी


छत्रपती संभाजीनगर
६ एप्रिल २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न.

तू गेल्यावर इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. आई सांगते, तू अजून त्या हवालदाराची नक्कल करतेस. त्यांनी चार वेळा उद्या या म्हटलं आणि तुला ऐकूच न आल्यामुळं तू बाकावरून हलली नाहीस. शेवटी तक्रार लिहून घेतली ती तुला उठवण्यासाठीच, असं सुदर्शनचं मत आहे.

अर्जातली ती ओळ तुझ्यासमोरच खरी भरली, त्यापुढचं सांगते. पोलीस जबाब घ्यायला वॉर्डात आले, तेव्हा कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. मग साहेबराव आजोबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. धापा टाकत म्हणाले, माझा पुतण्या आहे, त्यानंच मारलं, पोरगी दुसऱ्याचा जीव वाचवत होती. अंगठा दिला. त्यानंतर दोन दिवस त्यांना घरून डबा आला नाही. आपल्या सिस्टरांनीच आळीपाळीनं जेवू घातलं. इंद्रजीतला अटक झाली, जामीनही झाला. कोर्टाची तारीख ऑगस्टात आहे. समझोत्याचे निरोप येतात.

मला महिनाभर ओपीडीत केसपेपर लिहायला बसवलं. तक्रार करणारीचीच बदली होते म्हणाली होतीस, तसंच. एक बोट पुरतं वाकत नाही.

अंबिकाबाईंच्या घरी जाऊन खरं सांगून आले. त्यांनी एवढंच विचारलं, त्या दिवशी का नाही सांगितलं? त्यांनी चहा दिला, मी प्याले आणि निघाले. बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. पण आता त्या समोर आल्या तर नजर चुकवावी लागणार नाही.

काल वॉर्डात परत आले. दुपारी तीनला सोनिया आली, नवी सिस्टर आहे, जेमतेम बावीसची. ओठ फुटलेला. एका नातेवाइकानं फाईल तोंडावर फेकली होती. तिनं विचारलं, सिस्टर, लिहून काही होतं का? मी तिला खोटा धीर दिला नाही. ठाण्यातले तास सांगितले, ऑगस्ट सांगितला, न वाकणारं बोट दाखवलं. मग ओठावरचा कापूस काढून म्हणाली, अर्ज कुठं असतो?

मी तिला माझी खुर्ची दिली, पेन दिलं. आणि तिचं लिहून होईस्तोवर तिचे एकोणीस पेशंट मी बघितले.

तुझ्या मायेत कायम राहू इच्छिणारी,
अपेक्षा