हिराजीदादाची नोटीस

सारसोळे, १२ मार्च १९८४, सकाळी सव्वासात. तुझी नोटीस समोर ठेवून बसलो आहे.

हिराजीदादा,

आपली जमीन नव्या शहरात गेली. प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात एकालाच मिळणार आणि त्यावरच नोकरी. अर्ज मी लिहीत होतो, तेव्हा बाबा म्हणाले, "हिराजीचं नाव घाल. त्याला पोरं हायत." सातवीपर्यंत शिकलो मी आणि अंगठा लागला तुझा.

दाखला न्यायची मुदत आज संपते. नोटीस मी आठ दिवस लपवली. काल वहिनीने विचारलं, "भावजी, कागद आला काय?" मी नाही म्हटलं. तू हसून म्हणालास, "आला तर सांगंल ना बाळाराम! आपला वकील हाय तो."

त्या हसण्याचाही मला हेवा वाटला.

हे पत्र तुला वाचून दाखवायला घरात माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून नोटीसच वाचून दाखवतो. आज आली म्हणून सांगेन.

तुझा धाकटा,
बाळाराम