मॅनेजर जेवत नाही

राहाता
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. अण्णांची शुगर आटोक्यात आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यामुळे माझ्या पाळ्या बदलत्या आहेत. पेरूला यंदा फळ चांगलं आहे, फळांना फोमच्या जाळ्या आणि पिशव्या लावून झाल्या. बडोद्याला थंडी पडू लागली असेल, स्वेटर घेतलास का?

भाऊबीजेला तू आला नाहीस, तेव्हा मी चंद्राला ओवाळलं. पद्धत आहे म्हणून केलं. तक्रार म्हणून लिहीत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोन ठेवताना तू दर वेळी एकच मागणी करतोस आणि आता मला ती पुरी करता येणार नाही. म्हणून पत्र. त्या विषयाकडे मी येईन. आधी पोपटाबद्दल लिहिते.

अण्णांच्या लग्नाबद्दल काही ऐकायचं नाही, असं तू सांगितलं आहेस. पोपटाबद्दल तसं काही सांगितलेलं नाहीस.

दसऱ्यानंतर त्या आपल्याकडे आल्या, तेव्हा सोबत दोन पिशव्या आणि एक पिंजरा होता. लग्नाला होकार देताना त्यांनी अण्णांना एकच अट घातली होती, ती या पोपटाची. आफ्रिकन ग्रे जातीचा आहे. अंग राखाडी, शेपटी लाल, वय वीसच्या पुढे. नोंदणीचे कागद मी तपासले, बरोबर आहेत. त्यांचे पहिले यजमान शिर्डीत एका लॉजचे मॅनेजर होते आणि हा पोपट तिथे काउंटरवर असायचा. लॉज विकलं गेलं तेव्हा मालकाने तो त्यांना देऊन टाकला. पुढे यजमान गेले, दिरांनी खोली खाली करून घेतली, आणि या पक्ष्याला घेऊन त्या बहिणीकडे राहायला लागल्या. तिथेही तो कुणाला नकोच होता.

त्याचं नाव मॅनेजर. लॉजवरच्या नोकरांनी ठेवलेलं. त्याला चार वाक्यं येतात असं त्यांनी सांगितलं. "साईराम", "किती जण?", "आधार कार्ड द्या" आणि "चेक-आउट बारा वाजता". बहिणीच्या घरी पाव्हणे आले की तो हमखास किती जण म्हणून विचारायचा आणि पाव्हणे ओशाळायचे. आपल्याकडे आल्यावर तो एक अक्षर बोलला नाही.

बनुबाई पिशव्या लावायच्या कामाला होत्या. पिंजरा बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आवं भाऊ, जन्मभर पोपट हाकलले, आन् आता त्यास्नीच सोयरं केलं व्हय? आन् ह्यो कसला पोपट म्हनायचा! चुलीत लोळून आल्यावानी दिसतोय." बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत. पिंजरा घेऊन आलेल्या त्या हसल्या, पण पदर तोंडाला लावून.

पिंजरा कुठे ठेवायचा ते मी ठरवलं. स्वयंपाकघरात धूर आणि तेलाची वाफ. पुढच्या खोलीत रस्त्यावरचे ट्रॅक्टर. मागची खोली सगळ्यात योग्य निघाली. सकाळचं ऊन, तापमान स्थिर, वाऱ्याचा झोत नाही. बागेकडची खिडकी उघडी ठेवली की त्याला झाडं दिसतात. मोजूनमापून निवडलेली जागा होती.

तो खाईना. सूर्यफुलाचं बी, मका, भिजवलेले हरभरे, चपातीचा कुस्करा, सगळं तसंच पडून. आपला पेरू दिला, तर फोड उचलून खाली टाकली. मग छातीवरची पिसं उपटायला लागला. मी कारखान्याच्या लॅबमधला जुना तराजू आणून त्याला तोलायला सुरुवात केली. आला तेव्हा चारशे वीस ग्रॅम होता. दिवाळी संपेपर्यंत तीनशे पंचावन्नवर आला.

पुण्याच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी रीतसर सगळं विचारलं. घरात मांजर? नाही. रंगकाम? नाही. आसपास काही मोठे, अचानक येणारे आवाज? मी म्हणाले, नाही, घर अगदी शांत आहे.

ते उत्तर देताना मी खोटं बोलत नव्हते. हे तू लक्षात ठेव.

डॉक्टर म्हणाले, आजाराचं लक्षण दिसत नाही, हा घाबरलेला आहे. जुना पक्षी आहे, अशा उपाशीपणात फार टिकणार नाही. कशाला घाबरतो ते शोधा.

गेल्या सोमवारी संध्याकाळी त्यांनी प्रवासाचा छोटा पिंजरा धुऊन वाळत ठेवलेला मला दिसला. म्हणाल्या, "याला घेऊन शिर्डीला जाते बहिणीकडं. तिथं खाईल."

"किती दिवसांसाठी?"

"बघू."

दोरीवर त्यांची एकही साडी नव्हती. दोन्ही पिशव्या भरून दाराआड ठेवल्या होत्या. अण्णा ओसरीवर बसून पेरूच्या फोमचे तुकडे गोळा करत होते. आई गेल्यानंतर दोन वर्षं ते ज्या पद्धतीने बसायचे, तसेच बसले होते. तू ते पाहिलेलं नाहीस. मी पाहिलेलं आहे. म्हणून मी म्हणाले, एक दिवस थांबा. उद्या मला सुट्टी आहे. मी शोधते.

मंगळवारी सकाळपासून मी मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. स्वयंपाकघराचं दार समोरच आहे, त्या भाकरी थापत होत्या. सगळं शांत होतं. मॅनेजर दांडीवर बसून मान वळवून खिडकीकडे बघत होता. आणि मग बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवरून आवाज आला.

"हाऽऽ हाऽऽऽ! निघा! निघा इथून! तुमच्या बापाची बाग हाय काय?"

मी ऐकलं नाही. खरंच ऐकलं नाही, दादा. मला फक्त पक्षी दिसला. तो दांडीवरून खाली पडला आणि पिंजऱ्याच्या तळाशी, कोपऱ्यात, अंग चपटं करून दबून राहिला. चोच उघडी. तो कशाने पडला म्हणून मी मान वर केली, तर समोर परातीवर त्यांचा हात थांबलेला. पिठाने भरलेल्याच हातानं त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला, थोरलं माणूस दारात आल्यावर घेतात तसा. आणि त्या थांबून राहिल्या, आवाज संपेपर्यंत.

शेवटी तुझं हसणं येतं. तेही संपलं. मग त्यांनी भाकरी उलटली. ती जळाली होती.

ते मशीन मीच बसवलं. तू मोबाईलवर गंमत म्हणून आईचं ओरडणं रेकॉर्ड केलंस, आणि ती गेल्यावर मी ते मेमरी कार्डवर घेऊन स्पीकरच्या पेटीत घातलं. कारण सांगितलं पोपटांचं. ठरावीक वेळी वाजलं तर पाखरं सरावतात, म्हणून वेळा मुद्दाम अनियमित ठेवल्या. हिरवे पोपट तरीही पहिल्याच हंगामात सरावले. आता ते त्या पेटीवरच बसतात. फळ पिशव्यांमुळे राहतं. पेटी बागेसाठी चालू नव्हती, हे अण्णांना माहीत आहे, मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, नाहीतर फोन ठेवण्याआधी "जरा खिडकीबाहेर धर" असं तू म्हणाला नसतास.

तीन वर्षांत आमच्यासाठी तो आवाज म्हणजे भिंत झाली होती. भिंत ऐकू येत नाही. ऐकू आली ती घरात नवीन आलेल्या दोघांना.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पहिल्या दिवशी मला वाटलं, बागंत कुनी बाई हाय. मी भाईर जाऊन बघून आले. मग बनुबाई म्हनल्या, ती मालकीनबाई." त्या तवा पुसत होत्या. "त्या माऊलीचं काय चुकलं? बाग तिचीच हाय की. मी आपलं ऐकून घेते. पर ह्या मुक्या जिवाला कसं सांगू, की तुला न्हाई म्हनत, मला म्हनतीया?"

मी म्हणाले, ते हिरव्या पोपटांना आहे. त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय." माझी समजूत काढल्यासारखं.

अण्णांना बागेत गाठलं. सगळं सांगितलं, वजनासकट. ते बराच वेळ एका फळाची पिशवी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तू लावलंस, तूच काढ. मी न्हाई हात लावनार. आन् कवा काढलंस ते मला सांगू नगंस."

"तुमची परवानगी आहे का, अण्णा?"

"पंके, मानूस ऱ्हायला पायजे घरात," ते म्हणाले, आणि पलीकडच्या ओळीत गेले.

मी शिडी लावून वर चढले आणि पेटीतून कार्ड काढलं. स्पीकर तिथेच आहे. हे झालं. याच्यासाठी पत्र लिहिलं. पुढचं वाचायचं नसेल तरी वाच.

बंद केल्याने लगेच काही झालं नाही. मंगळवारी त्याने खाल्लं नाही. बुधवारी खाल्लं नाही. अण्णा कारण नसताना बागेतून घरात येत होते, पाणी पीत होते, परत जात होते. घरात पहिल्यांदा खरी शांतता होती आणि ती कुणालाच सोसत नव्हती. भरलेल्या पिशव्या दाराआड तशाच होत्या. वजन आणखी उतरलं. मला वाटलं, मी आईला उगाच गप्प केलं. गुरुवारी कामावर जाताना कार्ड खिशात घेऊन मी शिडीपाशी जाऊन उभी राहिले होते. चढले नाही, एवढंच.

शुक्रवारी मी कामावरून आले तेव्हा अण्णा मागच्या खोलीत पिंजऱ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले होते. हातात पेरू आणि चाकू. त्याला देत नव्हते, स्वतःच खात होते. एक फोड खायची आणि एक पिंजऱ्याच्या कडेला ठेवायची, त्याच्याकडे न बघता. आणि पुटपुटत होते, "तुमच्या जातीनं लई नुकसान केलं माझं. लई. निम्मी बाग खाल्ली. तू ल्येका येकटाच असा निघालास, जो देऊन बी खाईना."

त्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यामागे.

मॅनेजर दांडीवरून खाली उतरला. एक पाय, मग चोचीने गज धरून दुसरा. फोड उचलली, उलटसुलट केली. मला वाटलं, टाकणार. त्याने ती पायात धरली आणि खाल्ली. सालीसकट, बियांसकट. मग दुसरी. अण्णा तिसरी कापत होते, पण डोळे त्याच्याकडे होते म्हणून फोड वाकडी आली.

तुला वाटेल, आता हा पोपट आईच्या आवाजात बोलेल. लोक अशा गोष्टी सांगतात. तसं झालं नाही. त्याने चोच गजावर पुसली, मान तिरकी करून आधी अण्णांकडे, मग दाराकडे बघितलं, आणि एका म्हाताऱ्या, खरखरीत, पुरुषी आवाजात विचारलं,

"किती जण?"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. तो त्यांच्या पहिल्या यजमानांचा आवाज होता. अण्णांना ते कळलं असावं. त्यांनी चाकू खाली ठेवला आणि काउंटरवर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाईकासारखं नीट उत्तर दिलं.

"चार."

घरात आम्ही तिघं आहोत. मी दुरुस्ती केली नाही.

काल त्यांनी एक पिशवी रिकामी केली. दुसरी अजून दाराआड आहे. वजन आज सकाळी दहा ग्रॅमने वाढलं, हा एवढा फरक तराजूची चूकही असू शकतो. मी त्यांना अजून कोणत्याच नावाने हाक मारत नाही. "अहो" म्हणते. तेवढं सध्या पुरतं.

कार्ड सोबत पाठवत आहे. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवलं आहे, पाकीट जपून फोड. प्रत काढून ठेवायला हवी होती, हे मला कळतं. काढली नाही. त्यात आई आहे आणि तू आहेस, माझा आवाज त्यात कुठेच नाही, म्हणून ते कुठे वाजवायचं हे मी ठरवू शकत नाही. तुझ्याकडे ठेव. किंवा घेऊन ये. बागेत बसून एकदा सगळ्यांनी मिळून ऐकता येईल. मॅनेजरला त्या वेळी पुढच्या खोलीत नेऊ.

पेरू उतरायला अजून महिना आहे. अण्णांनी मॅनेजरला आकडा तुला धरून सांगून ठेवला आहे.

तुझी,
पंकजा