ओलं फडकं

बाबा, काल दुपारी माल तपासणाऱ्या चेकरने माझ्या विड्यांची जुडी सगळ्यांसमोर मोडून माझ्याच सुपात टाकली, आणि मी त्याची कॉलर धरली. तिथून सगळं बदललं. आज सकाळी कारखान्यात सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर तुमची खिडकीखालची जागा, जिथे आता मी बसतो, दुसऱ्या कुणाला देणार आहेत.

चूक माझीच होती. परवा संध्याकाळी घरी विडीची पानं भिजवली, कापली, आणि ओल्या फडक्यात न गुंडाळता तशीच सोडून दवनीवाड्याच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. तिची वरात त्याच रस्त्याने गेली. जिच्यापायी मी नागपूरचं कॉलेज अर्धवट टाकलं, तिने मान वर केली नाही. सकाळी पानं पापडासारखी वाजत होती. तरी वळली. सूत आवळून बांधलं की दिसणार नाही, असं वाटलं.

तुम्ही असं कधी केलं नसतं. अजून दिसता तुम्ही मला चुलीपाशी बसलेले, आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं पिळताय, तापलेल्या पोराला पांघरूण घालावं तशी पानं झाकताय. मी असेन बारा वर्षांचा. म्हटलं, ‘‘रोज तेच ते. कंटाळा नाही येत?’’ तुम्ही हसलात. ‘‘येते ना. कायले नाही येणार? पण पान नरम असलं का हात आपोआप चालते. हात चालला का डोकं थंड राहते गा.’’ मला तुमची कीव आली होती. पुढच्याच वर्षी खोकून खोकून तुम्ही गेलात. तंबाखूची धूळ तुमच्या छातीत बसली होती, ती काही नरम नव्हती.

काल मी सूप उचलून निघालो, तर शेजारची म्हातारी, तुम्ही जिला मावशी म्हणायचा, म्हणाली, ‘‘कुठं चालला? बस. तुह्या बापानं वीस वर्सं हेच सूप मांडीवर धरलं, कोणाची कॉलर नाही धरली.’’

‘‘म्हणूनच मेला,’’ मी म्हणालो.

तिने कात्री खाली ठेवली, स्वतःच्या फडक्यातली अर्धी पानं माझ्या सुपात लोटली आणि परत विड्या वळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘काऊन पाहून राहिला? सुकतीन ना.’’

मग मी बसलो. पान, तंबाखू, बोटांचा पीळ, सूत. पान, तंबाखू. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं तेव्हा लक्षात आलं, की एवढा वेळ ती वरातीतली माझ्या डोक्यात नव्हती. इतका राग आला स्वतःचा! दोन वर्षं जपलेलं दुःख, आणि ते चार ओल्या पानांनी विसरायला लावावं?

तुम्ही त्या खिडकीखाली सुखी होता, की दमून गप्प होता, हे मला अजून ठरवता येत नाही. माफी मागताना माझा आवाज कसा निघेल, तेही माहीत नाही. पण एक सांगतो, मावशीलासुद्धा सांगणार नाही. तो अर्धा तास मला आज परत हवा आहे.

हा कागद तुमच्या पानं कापायच्या पत्र्याच्या साच्याखाली ठेवतो. काल संध्याकाळी पानं नीट गुंडाळली होती, त्याच लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यात. गाठोडं काखेत घेतो. शर्टाला ओल लागतेय, लागू दे. बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.