इराच्या वाजवण्याची स्नॅग लिस्ट

१० ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार
ऑफिस अर्धा दिवस. हार्पसिकॉर्डचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. इरा हॉलंडमध्ये हे पियानोसारखं जुनं वाद्य शिकते. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच नाचाचं संगीत वाजवून तिने रेकॉर्डिंग पाठवलंय. तेच हुबेहूब लॅपटॉपवर उभं करणार. डिसेंबरात ती इथे आली की सरप्राइज! ये म्हटलं, तर "लेट्स सी, बाबा" म्हणाली. म्हणजे येणारच. चार मिनिटांचा नाच, वीकेंडला खलास.

१९ ऑक्टोबर
अकरा सेकंद झाले. पाया पक्का हवा.
पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज तेवढाच. सॉफ्टवेअर बिघडलं समजून इराला फोन केला. म्हणाली, हार्पसिकॉर्ड असंच असतं, जोर चालत नाही, सूर कधी वाजवता त्यातच सगळं येतं. म्हणजे वेळ पाळणं. त्यात आपला हात कोण धरणार?

२ नोव्हेंबर
धक्का बसला. इराचे सूर सरळ पडतच नाहीत. एक लांब, एक आखूड, लंगडल्यासारखे. अथपासून इतिपर्यंत. वीस वर्षं तयार बिल्डिंगा तपासून हँडओव्हर करतोय, वाकडी टाइल माझ्या नजरेतून सुटत नाही. एक बटण दाबून सगळे सूर ओळीत बसवले.

७ नोव्हेंबर
संपलं! दम धरवेना, आजच इराला पाठवलं. सोबत कॉन्ट्रॅक्टरला देतो तशी स्नॅग लिस्ट: चूक, जागा, दुरुस्ती. एकूण त्रेचाळीस. खाली "गुड एफर्ट" लिहिलं. कौतुकही हवं.

१० नोव्हेंबर
उत्तर नाही. प्रॅक्टिसला बसली असणार.

१४ नोव्हेंबर
अनुराधाचा पुण्याहून फोन. तिच्या आईच्या आजारपणामुळे ती वर्षभर तिकडेच आहे. म्हणाली, अहो, ते लांब-आखूड मुद्दाम असतं, त्या नाचाची रीतच तशी. शिक्षिकेने तीन महिने तेवढंच घोटून घेतलं होतं. लिस्ट वाचून पोरगी रडली म्हणे. शाळेच्या वह्यांपासून तुम्ही हेच करत आलात, म्हणाली.
कोणी आधी सांगायचं ना!
इरा डिसेंबरात थेट पुण्याला जाणार. बरंच झालं. मला तेव्हा हँडओव्हरमधून मान वर करायला फुरसत नसते.

२१ डिसेंबर, रविवार
इरा पुण्याला पोचली. अनुराधाने फोटो पाठवला. केस कापलेत.
सुट्टी होती. माझा नाच मोठ्याने लावला. शेजारच्या हाफिजा आपांनी बेल वाजवली. भिंतीतून ऐकू आलं म्हणे, "बेटी आ गई क्या?" मी हो म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. आंघोळीला गेलीय, असंही सांगितलं. आपा इतक्या खूश झाल्या की दुपारी बिर्याणीचे दोन डबे आणून दिले. एकात मिरची कमी, तो इराचा. तिला तिखट सोसत नाही, हे मला माहीत नव्हतं.
दोन्ही डबे मीच संपवले. खाताना रडू आलं. पोरगी इथे हवी होती.
आपा उद्या सकाळी तिला भेटायला येणार आहेत.