यंदाच्या दसऱ्याची जोडी

गेवराई
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय हनुमंता यास,

सटवाचा रामराम. शाळेत गुरुजींनी पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायला शिकवलं होतं, पण तुझ्यापुढं मी आडवा पडलो तर तू सवयीनं माझ्या पाठीवर पोतं ठेवशील, म्हणून रामरामावर भागवून घे. आम्ही घरचे सगळे बरे आहोत. तुझी कंबर कशी आहे ते विचारत नाही. तुला विचारलं की तू "मस्त" म्हणतोस आणि खरं काय ते मला तुझ्या पोराकडून, सुरजकडून कळतं.

पत्र बघून तुला नवल वाटेल. दसऱ्यालाच तर फोनवर बोललो. पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठं? मी तोंड उघडलं की तू मोंढ्याची चौकशी सुरू करतोस, कुणाचा माल आला, कुणाचं भांडण झालं, आणि माझं सांगायचं राहूनच जातं. कागद तरी मध्येच तोंड घालत नाही. अक्षर सातवीचंच आहे, चष्मा लावून वाच आणि सुनेला वाचायला लावू नकोस.

तर मोंढ्याचंच आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव शांत होईल. यंदा पावसानं सगळ्यांचंच गणित चुकवलं. सोयाबीन काळं पडलं, कापूस झाडावरच भिजला. जिनिंगमध्ये दसऱ्याला पूजा झाली आणि पुन्हा कुलूप लागलं. कामाच्या बायका रोज फाटकापर्यंत जाऊन बघून येतात. ट्रॉल्या बनवणाऱ्यांच्या गल्लीत मात्र कान किटतील इतका ठणठणाट आहे. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी ज्याला त्याला आपली गाडी दुरुस्त करून पाहिजे. आमच्याकडं माल कमी आणि हमाल जास्त, त्यामुळं निम्मा दिवस आम्ही पोत्यांच्या थप्पीवर बसून राजकारण करतो. तू असतास तर आतापर्यंत दोन मंत्री पाडले असतेस.

भामाबाईनं चहाच्या टपरीला नवे पत्रे टाकले. तुझी आठवण काढते, म्हणजे शिव्याच देते. परवा म्हणाली, "त्या हन्याला म्हणावं, पुण्याचा च्या पिऊन पिऊन मऊ झाला आसंल." तिनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून दिली आहे. तुझ्या छबूवहिनीनं ती डब्यात भरून ठेवली, पण रोज एक चमचा कमी होतो आणि घरात कुणीच कबूल होत नाही. तिकडं येणारं कुणी लवकर भेटलं तर बरं.

आदिनाथबद्दल तू फोनवर कधी नीट विचारलं नाहीस. मीही नीट सांगितलं नाही. कंबरेपायी तू सुरजकडं पुण्याला गेल्यावर मुकादमानं माझ्यासोबत तात्पुरता म्हणून दिला, एवढंच बोललो, आणि 'तात्पुरता' जरा जोरात बोललो. चाळिशीचा गडी आहे, चकलांब्याकडचा. बापजाद्यांची मेंढरं होती. चरायला रान उरलं नाही, म्हणून विकून टाकली आणि हमालीला आला. अंगानं तुझ्या दीडपट, पण बोलतो हळू. पोतं पाठीवर घेताना त्याला मेंढराशी बोलल्यासारखं "चल बाई, चल" म्हणतो. पहिल्या दिवशी सगळा मोंढा हसला. आता कुणी हसत नाही, उलट दोघं-तिघं तसंच म्हणायला लागलेत.

सुरुवातीला माझं त्याच्याशी जमलंच नाही. त्यात त्याची काही चूक नव्हती. तू आणि मी कधी बोलून काम केलं? मी उचलून द्यायचो, तू वाकून डावा खांदा लावायचास, दुपारनंतर पाळी बदलायची. मी मागं वळून बघितलं नाही की "हां" म्हटलं नाही. हाताला ठाऊक होतं तू कुठं आहेस. श्रावणात एक दिवस सोयाबीनचा ट्रक भरत होतो. मी माझ्या नादात पोतं उचललं आणि सरळ डावीकडं दिलं. आदिनाथ उजवा खांदा लावून उभा. पोतं दोघांच्या मधून खाली गेलं आणि फुटलं. आडत्यानं माझी आई-बहीण काढली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून सोयाबीन गोळा करत होतो. मी त्यालाच रागावलो, म्हणालो, लक्ष कुठं असतं तुझं? त्यानं ओंजळीतलं सोयाबीन पोत्यात टाकलं. मग म्हणाला, "मामा, पोतं तुमी माझ्या खांद्यावर न्हाई ठिवलं. त्यांच्या खांद्यावर ठिवलं."

दुसऱ्या दिवसापासून तो डावा खांदा लावायला लागला. उजव्या खांद्याचा माणूस, त्याला किती जड जात असेल ते तुला कळेल. मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

आता दसऱ्याचं लिहितो. एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो ते यासाठीच, हे तू ओळखलंच असशील.

सकाळी तुझा फोन आला. दिवाळी झाली की येतो म्हणालास. "माझी जागा हाय ना बे?" असं विचारलंस आणि मी "हाय की" म्हणालो. मी खोटं बोललो नव्हतो. त्या घटकेला जागा होती. फोन ठेवल्यावर मी इतका खुश झालो की छबूला म्हणालो, यंदा दिवाळीला जरा जास्त करंज्या कर. ती म्हणाली, कोण येणार आहे? मी सांगितलं नाही, नुसता हसलो.

दुपारी सुरजचा फोन आला. हनुमंता, पोरावर चिडू नकोस. तू शेजाऱ्याचा गॅसचा सिलिंडर जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर नेलास आणि मग आडवा पडलास, हे तू मला सांगितलं नाहीस. बाथरूमला जायलाही सुरजचा हात धरावा लागला, हेही सांगितलं नाहीस. मला म्हणालास, पुण्यात करमत नाही, बाकी मस्त. डॉक्टर काय म्हणाले ते सुरजनं मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी ऐकूनच घेतलं नाही. पुन्हा ओझं उचललं तर पाय जाईल. म्हणजे लंगडणार नाहीस, पाय जाईल. तू एसटीच्या वेळा विचारून आलास, सुनेला मोंढ्यातले कपडे धुऊन ठेवायला सांगितलेस, हेही त्यानं सांगितलं. म्हणाला, "काका, बाबा आमचं कुणाचंच ऐकत न्हाईत. तुमी जागा ठिवली तर ते येणारच."

संध्याकाळी वजनकाट्यापुढं सगळ्यांनी पोती ओढायचे हूक मांडले. मुकादम अर्जुनरावांनी नारळ फोडला. पुढं काय होतं ते मी तुला शिकवायला नको. ते एकेकाचं नाव घेणार, ज्यानं त्यानं आपल्या जोडीदाराचं नाव सांगायचं, आणि एकदा सांगितलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत ती जोडी मोडायची नाही. ज्याचं नाव कुणी घेतलं नाही त्याला वर्षभर मोंढ्यात जागा नाही. अर्जुनरावांनी माझं नाव पुकारायच्या आधीच तू दरवर्षी माझ्याऐवजी स्वतःच "हन्या" म्हणून ओरडायचास. मला आजवर तोंड उघडावं लागलंच नव्हतं.

यंदा त्यांनी "सटवा" म्हटलं आणि ओरडायला तू नव्हतास. अर्जुनराव माझ्याकडं बघत होते. मला वाटतं, मी तुझंच नाव घेणार असं त्यांनी धरलं होतं, आणि घेतलं असतं तर तेही काही बोलले नसते. माणूस इथं नसला तरी त्याचं नाव घेता येतं, आधी झालं आहे तसं. आदिनाथ मागं उभा होता, पायताण हातात घेऊन. त्यालाही तसंच वाटलं असणार, तो निघायच्या बेतात होता.

मी आदिनाथचं नाव घेतलं.

सुरज म्हणाला होता की मुकादमावर ढकला, म्हणावं मुकादमानं जागा दिली नाही, म्हणजे बाबा तुमच्यावर रागावणार नाहीत. पोरगं समजूतदार आहे, तुझ्यावर गेलं नाही. पण मी तसं करणार नाही. आपण दोघांनी एका पानात भाकरी खाल्ली आहे. तुझी जागा मुकादमानं काढली नाही, मोंढ्यानं काढली नाही. मी काढली. समजून उमजून काढली. तुझी जागा इथं राहिली असती तर तू आला असतास, पहिल्याच दिवशी मला दाखवायला म्हणून पोतं उचललं असतंस, आणि मी माझ्या हातानं ते तुझ्या खांद्यावर दिलं असतं. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही.

आदिनाथनं मला जोडीदाराचा गंध लावला, मी त्याला लावला. सोनं वाटायला मी थांबलो नाही, घरी आलो आणि छबूपुढं रडलो. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं तुझंच काही बरंवाईट झालं. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, मग हे त्यांनाच लिहा, मला काय सांगता. म्हणून हे पत्र.

तुला राग येणार. मला शिव्या दे, फोन उचलू नकोस, दिवाळीला बोलू नकोस. मी तुला तसा ओळखतो. पण कामाला म्हणून येऊ नकोस, हनुमंता. धुतलेले कपडे सुनेला परत ठेवायला सांग. नातीला शाळेत सोडायला जात जा. ती तुझं बोट धरून चालते असं सुरज म्हणतो, त्यासाठी दोन्ही पाय लागतात.

आणि राग उतरला की ये. पाहुणा म्हणून ये, चार दिवस राहा, मोंढ्यात थप्पीवर बसून आम्ही कसं काम करतो ते बघ आणि पोटभर नावं ठेव. आदिनाथला तुला भेटायचं आहे, त्यानं स्वतः विचारलं. स्टँडवर मी घ्यायला येईन. गाडीतून उतरताना तुझ्या हातात जी काही पिशवी असेल ती मी घेणार. तू देणार नाहीस, भांडशील, चारचौघांत मला "सोड बे" म्हणशील. तरी घेणार.

यंदा जोडी दुसऱ्याशी असली तरी तुझाच,
सटवा