शहात्तराव्या बारचा कबुलीजबाब

तीर्थरूप काकांना,

पुतणीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काकू फोनवर म्हणाल्या की जिना चढताना तुम्ही ओरडता आणि कुणी विचारलं तर "सूर लावत होतो" म्हणून सांगता. तब्येत ठणठणीत आहे असं मी धरून चालते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते ठणठणीत माणसालाच झेपेल. आधी बसून घ्या. काकू शेजारी असतील तर उत्तम, नसतील तर हाक मारून बोलवा.

तुमच्या नव्या रचनेत मी एक बार वाढवला आहे. सुटले एकदाची. (काकूंसाठी सांगते: बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांच्या मधला तुकडा, दुसरं काही नाही.) हस्तलिखिताच्या माथ्यावर तुम्ही लाल पेन्सिलीनं "एकही स्वर इकडचा तिकडे होता कामा नये" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत, हे मी रोज बघत होते. तरी वाढवला. पत्र फाडायच्या आधी कारण ऐका. कारण म्हणजे आत्या.

आत्याला नीट दिसत नाही, काका. तिनं मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे. माणसं दिसतात, रस्ता दिसतो, पण चेलो गुडघ्यांत धरून बसली की समोरच्या स्टँडवरच्या पानातले स्वर एकमेकांत मिसळतात. डॉक्टरांचं म्हणणं असं की यात सुधारणा होणार नाही, पण स्वरलिपी मोठी छापून दिली तर अजून कितीतरी वर्षं ती वाजवू शकेल. तुम्हाला का सांगितलं नाही, तर तिच्याच शब्दांत, "दादा आधी रडेल आणि मग साऱ्या जगाला सांगेल." आणि साऱ्या जगात आमचे घड्याळजीही आले. हे आमच्या पाच जणांच्या चमूचे म्होरके, पहिलं व्हायोलिन यांचं. जेवतानासुद्धा पायानं ठेका धरतात, म्हणून हे नाव. त्यांनी एका तरुण चेलोवाल्याला आधीच ऐकून ठेवलंय. शुक्रवारच्या सरावात तुमची रचना न थांबता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची, जो अडखळेल त्याच्या जागी मैफलीत दुसरा, असं त्यांनी जाहीर केलं, आणि जाहीर करताना बघत होते आत्याकडे. एकतीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसते आहे.

आता तुम्ही म्हणाल, मोठं छापून दे, चमूच्या ग्रंथालयात बसून पगार कशाचा घेतेस. छापलं की. दीडशे बार, मोठे स्वर, मोठाल्या कागदावर सहा पानं. स्टँडवर एका वेळी तीन पानं शेजारी शेजारी मावतात, म्हणजे पान उलटायचं ते एकदाच. पण चेलो वाजवायला दोन हात लागतात आणि देवानं आत्याला दोनच दिले आहेत. पान उलटायला मध्ये कुठेतरी विराम हवा. मी तुमची रचना तीनदा चाळली. बाकी चौघांना तुम्ही जागोजागी श्वास घेऊ दिलात, सख्ख्या बहिणीला मात्र दीडशे बारमध्ये एकदाही नाही. (दोन स्टँड ठेवले असते तर घड्याळजींनी विचारलं असतं. टॅबलेटचा पडदा चकाकतो, त्यावर तिला काहीच दिसत नाही. आणि पाठ करावं म्हटलं, तर तुम्ही रचना पाठवलीत त्या शुक्रवारच्या जेमतेम दहा दिवस आधी.)

माझं सॉफ्टवेअर तुम्हाला ठाऊक नाही. त्यात स्वर काढायचे नसतात, टाइप करायचे असतात: अक्षरं, आकडे, आज्ञा. पान ते स्वतः मांडतं, आणि स्वतःला फार शहाणं समजतं. अक्षरापुढे स्वल्पविराम टाकला की स्वर एक सप्तक खाली जातो आणि पुढचे सगळे त्याच्या मागोमाग. बाराव्या बारमध्ये माझा एक स्वल्पविराम राहिला आणि चेलो जो वर चढला तो शेवटपर्यंत उतरलाच नाही. ते निस्तरलं, तर एक लांब कंस ओळ सोडून पानाच्या आकड्यावर जाऊन बसला. तोही हुसकला. मग माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. त्यात अशी एक आज्ञा आहे की विराम असेल तिथेच पान उलटू दे. दिली. त्यानं इमानानं विराम शोधला, सापडला नाही, तेव्हा अख्खी रचना पहिल्या तीन पानांत कोंबून दिली, मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशी. मला रडू आलं. पण दोष कुणाला देणार? सांगितलं तेच त्यानं केलं होतं.

गुरुवारची दुपार झाली तरी मी तिथेच होते. शेवटी ठरवलं की नुसतं बघावं, मध्यावर एक रिकामा बार घातला तर पान जिथं हवं तिथं उलटतं का. फक्त बघायचं होतं, काका, खोटं सांगत नाही. पंच्याहत्तर बार संपतात तिथं विरामाचा एक बार लिहिला आणि तो आत्याच्या फाइलीत न लिहिता पाचही वाद्यांना लागू होणाऱ्या सामाईक फाइलीत लिहिला. हातून गेलं, काय करणार. तेवढ्यात घड्याळजी मागे येऊन उभे. त्यांचा पाय वाजायला लागला आणि माझं डोकं चालेना. चेलोचे कागद एवढे मोठे का, असं त्यांनी विचारलं. साधे संपले म्हणून मी ठोकून दिलं. मग "पाचही प्रती आत्ताच्या आत्ता द्या" म्हणाले. मी छापल्या. कागद गरम असतानाच ते घेऊन गेले आणि पडद्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले आहे. मागे धावून काय सांगणार होते? प्रती परत घ्यायच्या तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे आत्याचे डोळे.

शुक्रवारी दहा वाजता मी सरावाच्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसले, हात मांडीखाली दाबून. सुरुवात झाली. आत्याचा गज तारांवर सरळ चालला होता, पण मी ऐकत नव्हते, मोजत होते. साठ. सत्तर. त्र्याहत्तर. पंच्याहत्तर संपला आणि पाचही जण एकदम थांबले. त्या शांततेत आत्यानं गज खाली घेतला, तीन पानं सावकाश उलटली, गज उचलला, आणि पाचही जण एकदम निघाले. शेवटपर्यंत कुणी अडखळलं नाही. नंतर घड्याळजींनी पंच्याहत्तरच्या आधीपासून पुन्हा वाजवायला लावलं. मला वाटलं, पकडले गेले. पण थांबायची वेळ आली तेव्हा त्यांचा पायसुद्धा थांबला. मग म्हणाले, "या रचनाकाराला कुठे गप्प बसावं ते बरोबर कळतं." (काकू हसत असतील. हसू द्या.) मैफलीत आत्याच वाजवणार आहे. तरुण चेलोवाल्याला त्यांनी तसं कळवलंसुद्धा.

पत्र लांबलं. गुडघ्याला शेक देत जा. काकूंना नमस्कार.

तुमची,
रागवायला पात्र असलेली पुतणी

ता. क. पुढच्या रविवारी मैफल संपल्यावर घड्याळजी तुम्हाला मंचावर बोलावतील आणि त्या थांबण्याबद्दल हमखास विचारतील. ते तुम्हालाच सुचलं असं सांगाल का? एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. आत्याच्या डोळ्यांबद्दल चकार शब्द काढू नका.

दुसरा ता. क. नको असेल तर तो बार काढायला एक ओळ खोडली की झालं, मी आजसुद्धा खोडीन. पण घड्याळजींना तुम्हीच कळवा, माझी छाती नाही.

तिसरा ता. क. हे लिहू की नको असं करत होते. सराव संपल्यावर चेलो पेटीत ठेवताना आत्या मला म्हणाली, "दादाला कळलंय ना गं? नाहीतर नेमका तिथंच थांबा त्यानं कसा दिला?" मी तिला सांगणार होते, पण तिचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की हो, काकांनी मुद्दाम तुझ्यासाठी लिहिला. ती कितीतरी वेळ पेटीचं झाकण धरून उभी राहिली. उद्या सकाळी ती तुम्हाला फोन करणार आहे, म्हणून पत्र हातोहात पाठवते आहे. फोन तुम्हीच उचला, काकूंना उचलू देऊ नका, आणि तिनं विचारलं की हो म्हणा.