हिच्यासाठी मॅकरॉन

सोमवार, ४ मार्च

आजही दोन चमचे सूप. तिसऱ्याला हिने तोंड फिरवलं. घशाच्या उपचारांनंतर सगळं मातीसारखं लागतं म्हणे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — शुक्रवारपर्यंत खायला लागल्या नाहीत तर नाकातून नळी. ही नळीला घाबरते. मी तिच्याहून जास्त.

विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाली, "लेकीने वाढदिवसाला आणलेले ते रंगीत गोल... मॅकरॉन." कशाचं नाव तरी घेतलं!

मंगळवार, ५ मार्च

कोपऱ्यावरची केकवाली मॅकरॉन करत नाही. "फार नखरे त्यांचे, काका!" कृती मात्र सांगितली. बदामाची पूड, पिठीसाखर, अंड्याचं फेटलेलं पांढरं. जन्मभर लेथवर लोखंड कातलं, अंड्याला काय भ्यायचं?

पहिल्या खेपेला सगळ्यांना तडे. दुसऱ्या खेपेला आतून पोकळ. आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, ओव्हनला शिव्या देऊ नका."

बुधवार, ६ मार्च

चूक सापडली. घाई! गोल पाडले की ट्रे ओट्यावर आपटायचा, बुडबुडे जातात. मग ते उघडेच सुकू द्यायचे. दुधावर साय धरते तसा वर पातळ थर धरतो, बोटाला चिकटत नाही. मग वाफ वरून फुटत नाही, खालून निघते आणि कडेला झालर येते.

आली झालर! दोन-दोन गोलांच्या मध्ये लिंबाचं आंबट क्रीम भरलं, नाहीतर नुसती साखर. एक खाऊन पाहिलं. वरून कुर्रकन, आत जरा चिवट. ओव्हनपुढे एकटाच नाचलो.

ताबडतोब हिला नेऊन दिलं. एवढासा चावा घेतला आणि बशीत ठेवून दिलं. "टोचतं हो."

फार राग आला. दुखण्याचा. खोटं कशाला लिहू, हिचाही. डबा फ्रीजमध्ये ढकलला आणि संध्याकाळभर बोललो नाही.

गुरुवार, ७ मार्च

केकवालीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "केल्या केल्या दिलेत? अहो काका, भरल्यावर एक दिवस फ्रीजमध्ये ठेवायचे! क्रीमचा ओलावा कवचात मुरतो. मग कसं, ओठांनी दाबलं तरी विरघळतं."

आणि मी आपला ताजं ते चांगलं धरून बसलेलो!

घरी आलो तेव्हा हिला झोप लागली होती. उठवलं नाही. सकाळी देऊन बघतो. नाहीच जमलं तर... नळी.

शुक्रवार, ८ मार्च

फ्रीज उघडला. डबा अर्धा रिकामा!

ही म्हणते, "मांजर आलं असेल."

मांजराच्या हनुवटीला लिंबाचं क्रीम होतं. वर सूपही मागितलं मांजराने. हनुवटी पुसली नाही. तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेलो.